आधी समोरच्याचं सांगा

ताई,

आज चार वाजता तुझे सासरे आणि मी एकाच मंचावर असू. दोन्ही धर्मांच्या माणसांनी समोरासमोर बोलावं, म्हणून ही सभा मीच भरवली आहे. नियमही माझाच: आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगायचं, मगच उत्तर द्यायचं.

सकाळी त्यांचा फोन आला. "वक्तेमहाशय, भाषण नंतर. लग्नाआधी निरोप घ्यायला आलेली माझी सून तुमच्या दारात काय म्हणाली होती, तेवढं आधी सांगा."

मी आठवून पाहिलं. "त्यांच्यात गेलीस, तर आम्हाला मेलीस," हे माझं वाक्य नऊ वर्षांनंतरही मला पाठ आहे. तुझं एकही आठवत नाही. तू बोलत होतीस, तेव्हा मी माझं पुढचं वाक्य जुळवत होतो. नियम खरा आहे, ताई. मीच तो पाळला नाही.

आई म्हणाली, "पत्र कसलं खरडतोस? दोन गल्ल्या सोडून तर राहते ती. पायांना मेंदी लावलीस का?"

तीन वाजलेत. पत्र इथेच ठेवून निघतो. तू दार उघडशील की नाही, ठाऊक नाही. उघडलंस, तर तूच बोल. मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
तोंडाळ भाऊ