बर्फखान्याची कडी

१२ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी घसा बसेपर्यंत ओरडते आणि तू आपली बरं बरं म्हणत राहतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. कानाला यंत्र लावायचं नाही असा तुझा हट्ट असेल, तर पोस्टाचं तिकीट लावायची माझी तयारी आहे.

आईच्या कादंबरीवरची मालिका सोमवारी सुरू झाली. आमच्या दातांच्या दवाखान्यात तर कहर आहे. डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत टीव्ही बसवला तो पेशंटची भीती जावी म्हणून. आता पेशंटच आत जायला तयार नाहीत. काल एका बाईंचा गाल टोमॅटोसारखा सुजलेला. नाव पुकारलं तर हातानेच थांबा म्हणाल्या, भाग संपू दे. तोंडात कापूस घातलेली माणसंसुद्धा मतं देतात. सगळ्यांचा जीव धाकट्या बहिणीवर, आणि सगळ्यांचा राग थोरल्या भावावर. त्या नटाच्या भुवयाच तशा आहेत म्हणा. आईने लिहिलेला भाऊ नुसता कडक होता. यांनी त्याला पहिल्याच दिवशी घोड्यावरून उतरून नोकराला लाथ मारायला लावली.

एका साप्ताहिकाने माझी मुलाखत घेतली, फोटोसकट! मी सांगून टाकलं, की ही गोष्ट आईच्या माहेरचीच आहे, आजोबांचा खरोखरच बर्फाचा कारखाना होता, आणि मामा-मावशी अजून त्याच गावात राहतात. कात्रण सोबत आहे. कादंबरीतली मधली बहीण फारशी बोलत नाही, हे मात्र आईने तुझ्याबाबतीत धडधडीत खोटं लिहिलं.

मामांना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
बबडी

२१ जून

चि. बबडीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. पन्नाशीला आलीस तरी जीभ काही आवरत नाही तुझी. पण वाचून बरं वाटलं.

आमच्याकडे संध्याकाळी सात वाजता दिवाणखान्याचं थिएटर होतं. शेजारच्या घरात टीव्ही नवा आहे, पण ती मंडळी इथेच येतात. खऱ्या माणसांच्या घरी बसून बघण्यात गंमत आहे, असं शेजारीण म्हणते. खुर्च्या पुरेनात म्हणून मी शिलाई मशीनचं स्टूलही काढलं. दादा मागे दाराशी बसतो. परवा एवढंच म्हणाला, की कारखान्यातली जमीन इतकी स्वच्छ कधी नव्हती, सगळीकडे भुसा असायचा, आणि बर्फाच्या लाद्या वाहणारी माणसं खांद्यावर गोणपाट घ्यायची. मंडळींनी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्या पाहण्यात कौतुक होतं, पण निव्वळ कौतुक नव्हतं.

तुझी मुलाखत इथे सगळ्यांनी वाचली आहे. वजनकाटे दुरुस्त करायला दादा बाजारात गेला, तेव्हा तीन दुकानदारांनी त्याला कात्रण दाखवलं. मला विचारशील, तर गावाचा उल्लेख नसता केलास तर चाललं असतं.

एक विचारायचं होतं. अक्का गेल्यावर तुझ्याकडे आलेली तिची पत्र्याची पेटी त्या मालिकावाल्यांना दिलीस, असं तू मागे म्हणाली होतीस. नुसते फोटो दिलेस, की कागदही? पेटीच्या तळाशी निळ्या नाडीने बांधलेला एक गठ्ठा असेल. तो जुना कच्चा खर्डा आहे, कुणाच्या उपयोगाचा नाही. असेल तर काढून घे आणि मला कळव. घाई नाही. पण या आठवड्यात कळव.

आठवण ठेवतेस, तशीच ठेवत जा.

तुझी,
मावशी

२९ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पेटी आख्खीच दिली गं. कपड्यांसाठी जुने फोटो हवेत म्हणून ते आले होते, आणि मला उघडून निवडत बसायला वेळ नव्हता. तुझं पत्र आल्यावर मालिकेच्या लेखिकाबाईंना फोन केला. निळ्या नाडीचं नाव काढताच त्या इतक्या खुलल्या, की मलाच नवल वाटलं. म्हणाल्या, त्यात एक खोडलेलं प्रकरण आहे, अकरावं, आणि त्याने मालिका कुठल्या कुठे जाईल. काय आहे ते सांगेनात. धाकटीच्या मरणाविषयी आहे, एवढंच कळलं. गठ्ठा काम झाल्यावर देतील.

पण कादंबरीत ती नदीवर भिजते आणि छातीत थंडी भरून जाते. तुमच्या धाकट्या ठकीमावशीचंही तसंच झालं ना? आई तरी तेच सांगायची.

दवाखान्यात एक निवृत्त हेडमास्तर कवळी बसवायला येतात. कवळी कधीच बसली, पण ते अजून येतात. त्यांचं म्हणणं, हा थोरला भाऊ पुढे काहीतरी भयंकर करणार. खोलीतली झाडून सगळी माणसं माना डोलावतात.

तुझी प्रकृती कशी आहे? अक्षर थोडं हललेलं वाटलं. काळजी घे, आणि मला रागव, पण विसरू नकोस.

तुझी,
बबडी

१९ जुलै

चि. बबडीस,
अ. उ. आ.

कालचा भाग तू पाहिलाच असशील. धाकटी बर्फखान्यात भुसा आणायला जाते, थोरला मागून येतो, दार ओढतो, बाहेरून कडी घालतो आणि निघून जातो. ती आतून दार बडवते, आणि हा अंगणात उभा राहून घड्याळाला किल्ली देतो.

दिवाणखान्यात अकरा माणसं होती.  मग शेजारणीने मांडीवरची नात उचलली, दादाकडे पाहिलं आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडली. तिच्यामागे एकेक जण गेला. दादाने उठून टीव्ही बंद केला, खुर्च्या भिंतीला लावल्या. मी म्हटलं, मी करते. तो म्हणाला, राहू दे, तुझी कंबर दुखते.

आज सकाळी धान्याच्या दुकानदाराने निरोप पाठवला, की काटा आपोआप नीट झाला आहे, यायची गरज नाही. पंधरा दिवस तो काटा पाव किलो खोटा दाखवत होता. न्हाव्याने दादाला बाकावर बसवून ठेवलं आणि मागून आलेल्या चौघांना आधी घेतलं. दादा दाढी न करताच परत आला. दारावर कुणी तरी खडूने काहीबाही लिहिलं होतं. मी ओल्या फडक्याने पुसलं, तरी लाकडात अक्षरं दिसतातच.

तू त्या लेखिकाबाईंना हे थांबवायला सांग. कुणाच्या ओळखीने, पाया पडून, कसंही.

तुझी,
मावशी

२५ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

थांबवणं आता कुणाच्या हातात नाही. आठवडाभर दवाखान्यात दुसरा विषय नाही. त्या भागाला बायका अक्षरशः हुंदके देत होत्या. हेडमास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, असल्या माणसाला त्याच खोलीत कोंडून वर बर्फ रचला पाहिजे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी, मीसुद्धा वाजवल्या. 

हे प्रकरण आईच्या हातचं आहे. आईने ते मनाने रचलं असतं, तर खोडून नाडीत का बांधून ठेवलं असतं? आता आठवतं, आजोबा शेवटपर्यंत मामांशी बोलत नव्हते. मामांनी कारखाना सोडून वजनकाट्यांचं काम धरलं, लग्न केलं नाही. आम्हा मुलांना वाटायचं, स्वभावच तसा. मामांनी ठकीमावशीला कोंडलं का? मला खरं सांग.

आणि खरं असेल, तर तू त्या माणसाबरोबर एका घरात एकटी राहू नकोस. माझ्याकडे ये. माझी एक खोली रिकामीच आहे. तू त्याची भांडी घासतेस, औषधं देतेस, या विचाराने मला जेवण जात नाही.

जिवाला जप.

तुझी,
बबडी

३ ऑगस्ट

चि. बबडीस,
अ. उ. आ.

दादा इस्पितळात आहे. मंगळवारी बाजाराच्या पायऱ्यांवर त्याला कुणीतरी ढकललं. मवाली नव्हते, चांगले कपडे घातलेली माणसं होती. एकीच्या हातात भाजीची पिशवी होती. पडल्यावर कुणी उचललं नाही. तो पाऊण तास तिथे बसून होता. चांभाराने हातगाडी आणली तेव्हा कुठे हलवता आलं. खुब्याचं हाड मोडलं आहे. या वयात ते सांधेल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

वॉर्डात भिंतीवर टीव्ही आहे. त्यावरून तुला सगळं कळेल. काल त्याने पाणी मागितलं. नर्स खिडकीशी पट्ट्या गुंडाळत होती. त्याने तीनदा मागितलं. तिने ऐकलं, मी तिच्या मानेवरून सांगते, तिने ऐकलं. सगळ्या पट्ट्या गुंडाळून झाल्यावर आली, आणि म्हणाली, हाका मारून कुणी येत नाही तेव्हा कसं वाटतं, ते आता कळलं असेल. मी पाणी घेऊन दारापर्यंत आले होते, आणि ती इतक्या मोठ्याने बोलली की मलाही ऐकू आलं. मी तांब्या घेऊन आत गेले आणि दादाला पाणी पाजलं.

तू दादाविषयी लिहिलंस तसं पुन्हा लिहू नकोस. तुला रागावत नाही. पण लिहू नकोस.

तुझी,
मावशी

९ ऑगस्ट

ती. मावशीस,
नमस्कार.

काल रजा टाकून लेखिकाबाईंकडे गेले आणि गठ्ठा घेऊनच उठले. अकरावं प्रकरण बसस्टॉपवरच वाचलं.

आईने ते वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून पाहिल्यासारखं लिहिलं आहे. त्यात थोरला भाऊ कडी घालत नाही. तो गावाला गेलेला असतो, दुपारी उशिरा परततो, दार उघडतो आणि धाकटीला उचलून बाहेर आणतो. कडी घालते ती मधली बहीण.

मी परत वर गेले आणि बाईंना विचारलं, असं का बदललंत? त्या म्हणाल्या, बहिणीने बहिणीला कोंडलं हे प्रेक्षकांना पटलं नसतं. भावावर लोकांचा राग आधीच तयार होता, मग तोच वापरला. चहा घेणार का, असंही विचारलं.

मावशी, हे खरं आहे का? मी तुला काही बोलणार नाही. पण मी मामांविषयी टाळ्या वाजवल्या आहेत, मला कळलंच पाहिजे.

बबडी

१८ ऑगस्ट

चि. बबडीस,
अ. उ. आ.

खरं आहे.

मी अठरा वर्षांची होते, ठकी सोळाची. कारखान्यात यंत्रं बसवायला एक इंजिनियर आला होता. मी त्याला चिठ्ठी लिहिली, आणि ठकीने ती लाद्या वाहणाऱ्या माणसांसमोर मोठ्याने वाचून दाखवली, माझ्या आवाजाची नक्कल करत. तो इंजिनियरही हसला. त्या दुपारी ती बर्फखान्यात शिरली आणि मी कडी घातली. दहा मिनिटं कोंडायची, एवढंच मनात होतं. माणसं जेवायला गेली होती. मी समोरच्या पडवीत शिवायला बसले. ती बडवत होती ते मला ऐकू येत होतं. विसरले, असं मी पुढे स्वतःलाच सांगत आले. मी विसरले नव्हते बबडी. आणखी थोडं बडवू दे, असं वाटत होतं. मग आवाज थांबला, आणि मला वाटलं, रुसून बसली आहे.

दादाने दार उघडलं. नवव्या दिवशी ती गेली. दादाने बाबांना सांगितलं, की गावाला निघताना, ती आत आहे हे न पाहता, त्यानेच कडी घातली. बाबांनी बाहेर सांगितलं, नदीवर भिजली. अक्काने खिडकीतून पाहिलं होतं, पण तीस वर्षं माझ्याजवळ तो विषय काढला नाही, आणि मग तो खर्डा वाचायला पाठवला. मी रडून तो खोडायला लावला. दादाला कुणी विचारलंच नाही.

शुक्रवारी शेवटचा भाग होता. सात वाजता वॉर्डातली सगळी टीव्हीकडे वळली, नर्सदेखील. पडद्यावर थोरल्या भावाला वेड लागतं आणि तो बर्फात जाऊन मरतो. कुणी तरी म्हणालं, फार लवकर सुटला, आणि मग सगळे दादाच्या खाटेकडे पाहू लागले. मी उभी राहिले. टीव्हीपुढे जाऊन सांगितलं, की कडी मी घातली होती. चिठ्ठीपासून सगळं सांगितलं, आता तुला लिहिलं तसं. आवाज फार चढला असेल, मला माझा अंदाज येत नाही.

कुणी रागावलं नाही. कोपऱ्यातल्या म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. नर्सने मला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं, माझी पाठ थोपटली आणि म्हणाली, भाऊ कसाही असो, बहिणीची माया ती बहिणीची माया. दुसरी म्हणाली, मरणाच्या दारातल्या माणसासाठी एवढं कोण आपल्या अंगावर घेतं. मी ओरडले, की मी काही घेत नाही, माझंच आहे ते. त्यांनी मला गोड चहा आणून दिला.

दादा हे सगळं ऐकत होता. मला जवळ बोलावून म्हणाला, कशाला दमतेस, त्यांना तू नको आहेस. मग बराच वेळ माझा हात धरून पडून राहिला. रविवारी पहाटे गेला. पोहोचवायला चांभार, मी आणि इस्पितळाचे दोन नोकर, एवढेच होतो.

आता घरात पुन्हा माणसं येतात. शेजारीण जेवणाचा डबा पाठवते. न्हावी रस्त्यात थांबून नमस्कार करतो. किती सोसलंत त्या माणसापायी, असं प्रत्येक जण म्हणतो. रोज दार वाजतं, आणि रोज कुणी तरी मला क्षमा न करता, माझं न ऐकता, माझ्याविषयी हळहळून जातं. मी या वयात आणखी किती दिवस जगेन ठाऊक नाही, पण ते असे जातील याची मला फार भीती वाटते.

मावशी

२१ ऑगस्ट

ती. मावशीस,

तुझं म्हणणं मी मानते. कडी तू घातलीस. ठकीमावशी बडवत होती, तुला ऐकू येत होतं, आणि तू उठली नाहीस. मामा शेवटपर्यंत तुझ्या जागी उभे राहिले, आणि मी त्यांच्यावर थुंकणाऱ्यांत होते.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. आठ दिवस राहीन. तू मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांग, हवं तितक्या वेळा सांग. मी मध्ये बोलणार नाही, आणि तुझी पाठ थोपटणार नाही.

तोवर कुणाला दार उघडू नकोस.

बबडी