बापूरावांचं हृदय उजवीकडे

मु. पळसटोला
ता. २ एप्रिल १९८४

आदरणीय ठमाबाईस धाकट्या भावाचा, हरिदासचा, मानाचा जयभीम. तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि तुमची ती मारकी म्हैस, तिन्ही आता ठीक असतील असं धरून चालतो. माझी प्रकृती उत्तम आहे. इज्जतीची तेवढी विचारू नकोस.

नाटकांचा हंगाम संपला, पडदे रंगवायचं काम थांबलं आणि मी रिकामा बसलो होतो, तेव्हा इथल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी बोलावलं. दायांच्या शिबिरासाठी त्यांना माणसाच्या शरीराचा मोठा पडदा हवा होता, आतलं सगळं दिसेल असा. त्यांनी लिहूनच दिलं: हृदय डावीकडे झुकलेलं, यकृत उजवीकडे, प्लीहा डावीकडे, उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन. (आपल्याच अंगात एवढी मंडळी राहतात आणि आपण कुणाला नावानं ओळखत नाही, याची मला लाज वाटली.) माणूस सरळ उभा, तोंड समोर, हात बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे, शरीराचं शास्त्र म्हणे सगळं याच उभं राहण्यावरून सांगतं. असं उभं राहायला मी बापूरावांना विनवलं. बापूराव म्हणजे दवाखान्याचे कंपाउंडर आणि सत्यशीलाचे वडील. सत्यशीला म्हणजे इथली नर्सबाई, जिच्याबद्दल मी मागे नागभीडला आलो तेव्हा तुला सांगणार होतो आणि धीर झाला नाही. 'नाटकवाल्याले पोरगी देणार नाई,' असं बापूराव गावभर सांगत असतात. म्हणून म्हटलं, त्यांचा चेहरा असा देखणा काढावा की माणूस विरघळलाच पाहिजे.

चेहरा हुबेहूब जमला. मिशी तर मी पदरचा रंग घालून काळी केली. पण बाई, आम्हा पडदेवाल्यांना डावं-उजवं एकच ठाऊक, प्रेक्षकांचं. महाल डावीकडे म्हटलं की सतरंजीवर बसलेल्यांच्या डावीकडे. त्याच हिशेबानं मी आतलं सगळं रंगवलं. पडदा सोडला, दाया खूश झाल्या आणि डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. डावं म्हणजे पडद्यातल्या माणसाचं डावं, बघणाऱ्याचं नव्हे! त्यात बायनाबाई दाई मोठ्यानं म्हणाली, 'अगा माय, बापूरावचं सगळं उलटंच हाय काऊन?' बापूरावांनी आधी उजव्या छातीवर हात ठेवला, मग डाव्या, आणि बाकावर आडवे झाले. डॉक्टरांनी नळी लावून त्यांचं हृदय जागेवर असल्याचं सगळ्यांसमोर जाहीर केलं, तेव्हा कुठे उठले.

सगळं पुन्हा रंगवण्यापेक्षा मला सोपी युक्ती सुचली. चेहरा पुसला, तिथे केस काढले, बेंबी बुजवली, बोटांना नखं काढली. माणूस पाठमोरा झाला आणि हृदय आपोआप त्याच्या डावीकडे आलं! (स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश, की पान मागवून खाल्लं.) डॉक्टर म्हणाले, 'हरिदास, पाठीकडून कणा दिसते, खांद्याची हाडं दिसतात, मूत्रपिंडं दिसतात. जठर कुठून दिसून राह्यलं?' सत्यशीला एवढी हसली की तिला बाहेर जावं लागलं. बापूराव मात्र हसले नाहीत. 'पयले माहं काळीज हलवलं, मंग तोंडच पुसलं. ज्याले सासऱ्याचं डावं-उजवं समजत नाई, तो पोरीले काय सांभाळन?' (सासरा हा शब्द त्यांच्याच तोंडून आला, हे मी ध्यानात ठेवलंय.)

आता नवा पडदा काढायचाय, पण हात चालत नाही. बाई, हे सगळं हसत लिहितोय खरं, पण मी फार घाबरलोय. सत्यशीलाची बदली सिरोंच्याला होणार असं ऐकतो. ती गेली तर या गावात माझं मन लागायचं नाही.

तुझा,
हरिदास

ता. क. खरं काम हे: येत्या रविवारी भाऊजींना घेऊन ये आणि बापूरावांकडे माझ्यासाठी शब्द टाक. तुला बोलावलंय हे सत्यशीलाला ठाऊक नाही. अवयवांची नावं तपासायला हे पत्र मी तिच्याकडे देतोय, पण नावांच्या ओळी तेवढ्या उघड्या ठेवून बाकीचं सगळं घडी घालून खळीनं चिकटवलंय.

ता. क. (ही मी, सत्यशीला, लिहिते आहे.) बाई, जयभीम. खळ ओली होती. अवयवांची नावं बरोबर आहेत. बाबांचा राग फार नाही, नव्या पडद्यावर चेहरा कुणाचा येणार एवढंच ते सारखं विचारतात. सिरोंच्याची बदली मीच मागितली होती. हे काही बोलतील याची वाट बघून थकले होते. तो अर्ज आज परत घेते. रविवारी नक्की या.