जिला ठसका लागत नाही

नंदुरबार,
ता. १७ जानेवारी १९६२

प्रिय मथू,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. सोबत तिळगुळाची पुडी आहे. पोस्टात भुगा झालाच तर चमच्याने खा. पत्र आधीच लिहिणार होते, पण सणाच्या दिवशी कडू लिहू नये म्हणून तीन दिवस थांबले.

मासिकात तुझ्या ‘पथारीवरची बाई’चा नववा भाग वाचला. अंक आला की मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचते आणि मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया ऐकतात, हे तुला माहीत आहे. पहिल्या सात भागांत काम थांबायचं, कुणी पाणीसुद्धा प्यायचं नाही. आठव्यात तुझं भूत पियानो वाजवू लागलं. म्हटलं, असू दे, पुण्याची हवा आहे. आणि आता नवव्यात त्या बाईला मिरचीचा ठसका लागला!

भुरीबाईने हातातली मिरची खाली ठेवली. म्हणाली, “बाई, खोकस ती भूत कशी? तिले दवाखानामा ली जा!”

सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले.

मथू, पथारीच्या मैदानभर एवढी मिरची वाळत असताना जिला ठसका लागत नाही, तिला श्वासच नाही, म्हणून ती भूत. सगळी गोष्ट एवढ्यावरच तर उभी आहे. तेच कसं विसरलीस?

पूर्वी प्रत्येक भाग छापण्याआधी तू मला पाठवायचीस. मी पेन्सिलीने खुणा करून परत धाडायचे. आठव्यापासून काही आलं नाही. टपालाचा घोळ असेल म्हणून लोटन पोस्टमनला दोनदा विचारलं. बिचारा ओशाळला. गोष्टीखाली बारीक अक्षरात ‘सौ. कमलिनीबाईंनी हस्तलिखित वाचून अमोल सूचना केल्या’ असं छापलं आहे, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चष्मा बदलल्यावर दिसलं.

खोटं लिहिलं. ती ओळ मी गोष्टीच्याही आधी वाचली.

कमलिनीबाई चांगल्याच असतील. पियानोही वाजवत असतील. पण पथारीजवळून जाताना पदर नाकाला कसा आपोआप जातो, हे त्यांना कुणी सांगितलं? तू सांगितलंस? आणि बाकीचंही सांगितलंस का?

कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला, काजं करता करता मी तुला ते सांगितलं होतं. आई जाऊन महिना झाला होता. वडील मला पथारीवर घेऊन गेले. सगळी माणसं खोकत होती. पलीकडे हिरव्या लुगड्यातली एक बाई पाठमोरी उभी होती आणि एकदाही खोकली नाही. मी सात वर्षांची होते. मी तेव्हाच ठरवून टाकलं, ती कोण ते. तू सुई बोटात टोचून घेतलीस आणि म्हणालीस, “जसू, हे मी कुणाला सांगणार नाही.” सिस्टरने आपल्या दोघींना बाकावर उभं केलं होतं.

चाळीस वर्षांनी तू विचारलंस, लिहू का? मी हो म्हटलं. लिहिणारी तू आणि पहिली वाचणारी मी, एवढ्याच भरवशावर. माझी आई मी तुला दिली होती गं. कमलिनीबाईंना नाही.

दहाव्या भागात पियानो राहू दे, हवं तर. पण तिला खोकायला लावू नकोस. आणि कागद आधी इकडे पाठव. त्या बाईंनी नंतर वाचावं, छापल्यावर, सगळे वाचतात तसं.

आज वारा उलटा आहे, पथारीचा वास घरापर्यंत येत नाही. तरी हे लिहिताना मला दोनदा ठसका लागला. म्हणजे मी अजून आहे. पत्ताही तोच आहे.

तुझी, सातव्या भागापर्यंतची पहिली वाचक,
जसोदा