वरचं बटण, खालचं काज

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा नमस्कार. पायांवर डोकं ठेवलंय असं समज, खरोखर वाकलो तर कंबर धरते. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? (त्यांनाही नमस्कार सांग. त्यांचं मत कुणाला, ते मी विचारत नाही.) गेल्या निवडणुकीवरून भांडून तू दुकान सोडलंस त्याला दोन वर्षं झाली. तुझा म्हातारा उमेदवार भाषणात अडखळला की मी म्हणायचो, याला चळ लागलाय. माझा अडखळला की म्हणायचो, विचार करतोय. तू बरोबर उलटं. यंदाही तेच दोघे उभे आहेत. कापायच्या टेबलाची तुझी बाजू रिकामीच आहे, तिथे मी खडूसुद्धा ठेवत नाही.

पत्रास कारण, परवा माझी पार शोभा झाली. दुकानात टीव्हीवर सभा चालू होती. चष्मा कुठेतरी राहिला होता (ही म्हणते, डोक्यावरच होता). एक म्हातारा मंचावर आला तो कोटाचं बटण चुकवून. वरचं बटण खालच्या काजात, एक बाजू वर, एक खाली. मला वाटलं, तुझाच. मग काय, मी सुटलोच. चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, की चाळीस वर्षं कोट शिवतोय, माणसाचं डोकं मला बटणांवरून कळतं. ज्याला स्वतःच्या कोटाची बटणं लावता येत नाहीत त्याने राज्य कसलं चालवायचं, घरी बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालाव्यात. तेवढ्यात ट्रायलला आलेले शाळेचे मास्तर शांतपणे म्हणाले, की हे तर तुमचेच.

चष्मा लावून बघितलं. माझेच होते. आणि खोटं कशाला सांगू, क्षणभरही न थांबता मी म्हणालो, काज खाली पडलंय, शिंप्याची चूक. सगळं दुकान हसलं. मास्तर तर एक बाही घातलेल्या कोटातच खाली बसले. मीही हसलो. मग हिने माझ्या शर्टाकडे बोट दाखवलं. माझंही एक बटण चुकलं होतं, सकाळपासून. दुकान पुन्हा हसलं, मला मात्र हसू येईना.

रोज शटर उघडलं की तू एकदा माझ्याकडे बघायचास आणि न बोलता बटण सोडवून नीट लावायचास. मी साठीचा झालो तरी. फक्त ‘गबाळ्या’ म्हणायचास. फार आठवण येते रे. दोन वर्षांत मला कुणी गबाळ्या म्हटलं नाही, सगळे अहो-जाहो करतात.

बाकी इकडे ठीक.

तुझा,
गबाळ्या

ता. क. बटणाचं सोड. गेल्या महिन्यात मी एकाच माणसाचं माप दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा त्याला नाव विचारलं. (मास्तरच होते.) डॉक्टर म्हणतात, लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी बरोबर आणा, पूर्वी कसे होता ते सांगायला. ही माझीच बाजू घेणार. तू घेणार नाहीस, म्हणून तूच ये. गुरुवारी अकराला.

ता. क. २. माझी बाजू थोडी घेतलीस तरी चालेल.

ता. क. ३. पत्र पेटीत टाकायला हिच्याकडे देत होतो, तर म्हणते, सोमवारीही एक दिलं होतंत. मला आठवत नाही. दोन्ही मिळाली आणि त्यांत वार वेगळे असले, तर दोन्ही दिवशी ये.