अनिलच्या गाडीतला सूंऽऽ आवाज

पनवेल, १२ जानेवारी, संध्याकाळ

अनिलला जाऊन पाच महिने झाले. त्याची गाडी उद्या विकली जाणार. घेणाऱ्याला कंपनीचाच एअर फिल्टर हवा, म्हणून सकाळी जनार्दनच्या गॅरेजला नेली. माझ्या या धाकट्या भावाने हौसेने त्याच्या जागी बाहेरचा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा ओढणारी नळी, बसवून घेतला होता. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की सूंऽऽ असा आवाज. म्हणायचा, "ताई, थंडीत बघ कशी पळते!" मी म्हणायची, थंड हवा मुळातच दाट असते, कुठल्याही नळीतून गेली तरी गाडी पळणारच. दर थंडीत हाच वाद.

आज गारठा होता. जाताना द्रोणागिरीच्या मोकळ्या रस्त्यावर पळवली, छान ओढत होती. मूळ फिल्टर बसवल्यावर पुन्हा तिथेच पळवली. तितकीच ओढली. फक्त तो सूंऽऽ नव्हता.

म्हणजे माझंच खरं होतं. गाडी वळवून पुन्हा गॅरेजला गेले.

जनार्दनला सांगितलं. तो हात पुसत म्हणाला, "अनिलदादांना ठाऊक होतं, ताई. मागच्या थंडीत दोन्ही लावून बघितलं आमी. काय फरक नाय."

"मग काढला का नाही?"

"म्हणाले, ताईला सांगू नको. आई गेल्यापासून ती गाडीत गप्प बसते. ह्याच्यावरून तरी भांडते."

परत येताना गाडीत एकटीच होते. मोठ्याने म्हणाले, "काही फरक पडत नाही, अनिल." आणि काच वर करून, पाय दाबून ऐकत राहिले.