बंद घरातला केर

आये,

तू गेलीस त्याला सहा वर्षं झाली, आणि आपटा गावातलं आपलं घर तेव्हापासून बंदच आहे. मी पनवेलजवळ करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहते. आज तुला लिहायला बसले, कारण परवा जे केलं ते जिवंत माणसाला सांगायची माझी हिंमत होत नाही.

तुझा खोकला कशाने होता ते कुणीच सांगितलं नाही. डॉक्टरांनी दमा लिहिला आणि विषय संपला. तुळशीच्या पानांवर पिवळी पूड बसायची, ती तू पदराने पुसायचीस आणि पुन्हा खोकायचीस. म्हणून तर मी हे काम धरलं. परदेशातलं एक विद्यापीठ आणि आपल्याकडची एक संस्था मिळून शोधतायत, कारखान्यांजवळच्या माणसांच्या अंगात हवेतून, धुळीतून काय काय जातं. घरातली धूळ मशीनने ओढून तिकडच्या प्रयोगशाळेत पाठवायची, त्याच घरातल्या माणसांचं रक्त तपासायचं. आपलं गाव माझ्याकडे. अट एकच, आधीचे आठ दिवस घरात केर काढायचा नाही.

आता तूच सांग, आपल्या बायकांपुढे ही अट टिकणार होती का? सगळ्या माना डोलवायच्या. "नाय काढनार गो, तू सांगतेस तं नाय काढनार." आणि मी मशीन घेऊन पोचावं तर अंगणात सडा, लादी पुसलेली, चहाचं आधण ठेवलेलं. शेजारच्या काकीवर मी चिडले, तर ती माझ्यावरच उखडली. "पावनी येनार नि घरान केर? आमाला काय लाज नाय?" मी कपाळाला हात लावला. शेवटी व्हायचं तेच झालं. तुलनेसाठी तपासलेल्या माझ्या करंजाड्याच्या फ्लॅटपेक्षा आपल्या गावची धूळ स्वच्छ निघाली. ज्या गावात आळीआळीला कुणीतरी खोकतंय, ते गाव. तिकडच्या मुख्य बाई व्हिडिओ कॉलवर हळू आवाजात म्हणाल्या, हे गाव आपण वगळू या. वगळलं की पुन्हा कोण विचारणार होतं आपल्याला? मी हातापाया पडले त्यांच्या. म्हटलं, एक घर आहे, सहा वर्षं बंद, तिथे कुणी केरसुणी लावलेली नाही. त्या पनवेलला येणारच होत्या. म्हणाल्या, त्या घरात काही सापडलं तर सगळं गाव पुन्हा घेऊ.

परवा मी तासभर आधी गेले, कुलूप उघडतंय का बघायला. उघडलं. चुलीवर, खिडकीत, तुझ्या मिसरीच्या डबीवर बोटभर धूळ, पिवळट. हीच ती, आये. मला रडू आलं. आणि मग मी सातवीत आहे, शाळेतल्या बाई घरी आल्यात, मी पुस्तकात डोकं घालून बसलेय नि खोलीभर केर. बाई गेल्यावर तू स्वयंपाकघरातून बाहेर येतेस. "तुला शिकवून काय उपेग? घरान मानूस आला नि तू केरान बसलीस." केरसुणी दारामागे तिथेच होती. मला फक्त उंबरा झाडायचा होता, शप्पथ. मग ओटी झाली, मग चूल, मग खिडकी. भानावर आले तेव्हा दुसरी सुपली परसात उडवून झाली होती आणि मी फडकं पिळत होते.

मुख्य बाई आल्या. मशीन फिरवलं. आतला धूळ धरायचा पांढरा कागद पांढराच राहिला. बाई कागदाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे बघितलं, आणि मी मशीनची वायर गुंडाळायला घेतली. फडकं मागे परसात वाळत होतं. गाव आता अभ्यासातून कायमचं सुटलं, काकीचा खोकलाही दमाच होणार, आणि हे मी केलं, शिकलेल्या मुलीने. उद्या सकाळी त्या परत जातायत. फोन समोर आहे. लावून खरं सांगायला हवं, हात उचलवत नाही. हे पत्र तरी कुठे टाकू, तुझा पत्ता त्याच घराचा.

अजून एक राहिलं. निघताना त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, किती स्वच्छ ठेवलंय घर. आये, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं.