हज्जी मकींची न प्यायलेली कॉफी

ती. नईममामा,

भाचा घस्सानचा सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं तुतीचं सरबत पोचलं. माझी तब्येत बरी आहे, तोंड मात्र काळं झालंय. (तुमच्या बालबेकपर्यंत बातमी पोचली असेलच, आपल्या बातम्यांना बस लागत नाही.)

गुरुवारी बहरैनहून हज्जी मकी चार वडीलधाऱ्यांना घेऊन माझ्या रबाबला मागणी घालायला आले. त्यांचा मुलगा सादिक, बैरुतच्या शेतकी कॉलेजात तिच्याच वर्गातला. रबाबने कॉफी आणली. हज्जींनी रीतीप्रमाणे पेला समोर ठेवला, हात लावला नाही. त्यांनी मुलगी मागायची, मी "घ्या कॉफी, तुमचं काम झालं" म्हणायचं, मग त्यांनी प्यायची. माझ्या वाट्याला एवढं एकच वाक्य होतं, मामा. शेंबड्या पोरालाही जमलं असतं.

हज्जींनी सुरुवात केली, "आम्ही कमी मातीच्या देशातून आलोय, तुम्हाला अल्लाने भरभरून माती दिलीय." ही बिचारी नम्रतेची प्रस्तावना. मला वाटलं, विषय निघालाय. म्हटलं, खरंच आहे, आमच्या लेबनॉनमध्ये शंभरातले तेराएक वाटे जमीन नांगराखाली, तुमच्याकडे जेमतेम दोन-अडीच, आणि त्यात खजुरीच्या बागा धरल्यात का? (त्या धरतात की नाही, मला आजही ठाऊक नाही.) तुमचा अख्खा देश आमच्या बेका खोऱ्यात आणून ठेवला, तरी कडेने बटाटे लावता येतील, असंही बोलून गेलो. रबाब दारातून पेल्याकडे बोट दाखवत होती. मला वाटलं, द्राक्षं राहिली म्हणतेय. मग द्राक्षंही घातली.

कॉफी पार गार झाली. हज्जींनी मला थोरल्या जवादच्या नावाने हाक मारून शांतपणे विचारलं, "अबू जवाद, एवढी जमीन आहे, पण कसतं कोण?"

माझे दोघे मुलगे कुवेतला, आणि खिडकीतून माझ्याच शेतातली काटेरी झुडपं सगळ्यांना दिसत होती. मला ते असं झोंबलं की मी म्हणालो, "तुमच्याकडे निदान पाऊस तरी पडतो का?" पाहुणे उठले. पेला भरलेलाच राहिला. आता गावभर एकच बोलणं, घस्सानने नकार दिला म्हणून.

मामा, मला फार लाज वाटतेय. तिची आई गेल्यापासून हे घर त्या पोरीने ओढलं, आणि तिच्यासाठी मला एक वाक्य बोलता आलं नाही. ती जेवण वाढते, पाणी ठेवते आणि आत निघून जाते.

तुमचा ओशाळलेला,
घस्सान

ता. क. पाहुणे पुढच्या शनिवारपर्यंत तुमच्याच बालबेकला उतरलेत. हातापाया पडून त्यांना परत आणा. मी तोंडही उघडणार नाही, ते वाक्य माझ्या वतीने तुम्हीच म्हणा.

ता. क. मामाआजोबा, मी रबाब. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. हज्जींनी टोमणा मारला नव्हता. सादिक इथेच राहून आपलं शेत कसेल, हे ते सांगणार होते, तेवढ्यात बाबांनी पाऊस काढला. तुम्ही त्यांना आणा, पण वाक्य बाबांनाच म्हणू द्या. आणि इथे राहायची अट मी घातलीय, हे बाबांना सांगू नका. मी आत गेले की ते न जेवताच ताट झाकून ठेवतात.